युरोपचं संरक्षण: पैसा आहे, पण ‘हो’ कोण म्हणणार?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन देतोय. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय थोडा लांबचा वाटेल, पण माझ्यापर्यंत तो एका साध्या ऑफिस मीटिंगमधून आला. माझ्या टीममधला एक जण वॉर्सॉला असतो. १० सप्टेंबर २०२५ ला तो आमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला उशिरा आला. हा माणूस कधी उशीर करत नाही. आल्यावर म्हणाला, "सॉरी, आईशी फोनवर बोलत होतो. ती गाव सोडावं का विचारतेय." आम्ही सगळे गप्प. त्याचं गाव पोलंडच्या पूर्वेला, सीमेजवळ.

झालं असं होतं की त्या रात्री रशियाचे वीसच्या आसपास ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले. वॉर्सॉचा विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला. नाटोची विमानं उडाली, त्यात नेदरलँड्सची एफ-३५ होती, आणि त्यांनी काही ड्रोन पाडले. नंतर कळलं की त्यातले बरेचसे फोम आणि प्लायवूडचे होते. म्हणजे समोरच्यानं फोमचं खेळणं सोडायचं आणि आपण जगातल्या महागड्या विमानांपैकी एक उडवून लाखो डॉलरच्या क्षेपणास्त्रानं ते पाडायचं. हा हिशोब फार दिवस चालणारा नाही.

मीटिंग संपल्यावर त्याला विचारलं, "पण तुम्ही तर नाटोत आहात, युरोपियन युनियनमध्ये आहात. मग भीती कसली?" तो म्हणाला, "आहोत की. पण उद्या खरंच काही झालं, तर निर्णय कोण घेणार ते मला सांग."

मला सांगता आलं नाही. मग गेले काही महिने मिळेल ते वाचत गेलो. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं मला जमलं तेवढं उत्तर.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे चर्चेत सर्रास ऐकू येतं की युरोप म्हातारा झाला, ऐषारामात पडला, लढायची ताकद राहिली नाही. आकडे तसं सांगत नाहीत. युरोपियन युनियनमध्ये २७ देश आहेत, लोकसंख्या ४५ कोटींच्या घरात. रशियाची १४ कोटींच्या पुढे. युरोपची अर्थव्यवस्था रशियाच्या कित्येक पट मोठी. २०२४ साली या २७ देशांनी मिळून संरक्षणावर ३४३ अब्ज युरो खर्च केले. विमानं, पाणबुड्या, रणगाडे, तोफा, सगळं ते स्वतः बनवू शकतात. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या मूळ फ्रेंच आराखड्याच्याच आहेत.

मग अडतंय कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी. आणि तिन्हीची मुळं शेवटी एकाच जागी जाऊन मिळतात.

पहिलं ठिकाण, अमेरिका. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपची सुरक्षा अमेरिकेच्या भरवशावर उभी राहिली. नुसते सैनिक नाहीत, जरी तेही ८० हजार ते १ लाखाच्या दरम्यान आहेत. खरं अवलंबित्व न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. उपग्रहांवरून मिळणारी माहिती, हवेत इंधन भरणारी विमानं, क्षेपणास्त्र येतंय हे आधी सांगणारी यंत्रणा, आणि वेगवेगळ्या देशांच्या फौजांना एकत्र हलवणारी कमांडची व्यवस्था. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. अ‍ॅप तुम्ही लिहिलंय, पण सर्व्हर, लॉगिन आणि डेटाबेस सगळं एकाच कंपनीकडे भाड्यानं. जोवर ती कंपनी खूश, तोवर मजा.

मार्च २०२५ मध्ये ती कंपनी नाखूश झाली. २८ फेब्रुवारीला व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प आणि झेलेन्स्की यांची ती कॅमेऱ्यासमोरची बाचाबाची तुम्ही पाहिली असेल. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेनं युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्त माहिती देणं, दोन्ही थांबवलं. साधारण आठवड्याभरात पुन्हा सुरू केलं. पण त्या एका आठवड्यात युरोपातल्या प्रत्येक संरक्षण मंत्रालयाला कळलं असणार, की हा स्विच आपल्या हातात नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ट्रम्प यांनी ग्रीनलँड घेण्यासाठी बळाचा वापर करणार नाही, असं म्हणायलाही नकार दिला होता. ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्याचा भाग आणि डेन्मार्क नाटोचा संस्थापक सदस्य. म्हणजे ज्यानं रखवाली करायची तोच कुंपणाकडे बघतोय.

एफ-३५ चंच घ्या. युरोपातले कितीतरी देश ते घेतायत. अमेरिकेकडे ते बंद पाडायचं गुप्त बटण आहे का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर बटणाची गरजच नाही. त्या विमानाला सतत सॉफ्टवेअर अपडेट लागतात, सुटे भाग लागतात. ते यायचे थांबले की काही महिन्यांत विमान आपोआप शोभेची वस्तू होतं.

आपल्याला हे दुखणं परकं नाही. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेनं निर्बंध लावले, तेव्हा तेजसचं काम रखडलं होतं. आणि आताही नाशिकजवळ ओझरला तेजस मार्क १ए ची नवी जोडणी सुरू झाली, १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून पहिलं विमान उडालं, पण इंजिनं अमेरिकेहून येतात आणि ती उशिरा येतायत. विमान तयार, इंजिनाची वाट. त्यामुळे युरोपला हसायच्या आधी आपण जरा आपलंही बघावं.

दुसरं ठिकाण, तुकडे. युरोप खर्च खूप करतो, पण २७ वेगवेगळ्या खिशांतून. जर्मनीचा रणगाडा लेपर्ड २, फ्रान्सचा लेक्लेर्क, इटलीचा आरिएते. युक्रेनला तोफा पाठवायची वेळ आली तेव्हा तर प्रदर्शनच भरलं. फ्रान्सची सीझर, जर्मनीची पान्झरहाउबिट्झ, पोलंडची क्राब, स्वीडनची आर्चर, स्लोव्हाकियाची झुझाना. सगळ्यांची नळी १५५ मिलिमीटरची, म्हणजे कागदावर एकच प्रमाण. पण सुटे भाग वेगळे, दुरुस्ती वेगळी, प्रशिक्षण वेगळं. युक्रेनच्या मेकॅनिकची काय अवस्था झाली असेल विचार करा. घरात सहा फोन आणि सहाही वेगळ्या पिनचे.

आणि कारखाने? मार्च २०२३ मध्ये युरोपियन युनियननं युक्रेनला एका वर्षात १० लाख तोफगोळे द्यायचं वचन दिलं. जानेवारी २०२४ मध्ये कबूल करावं लागलं की मार्चपर्यंत जेमतेम निम्मे होतील. कारण तीस वर्षं कोणी मोठी ऑर्डरच दिली नव्हती. कारखानदार म्हणतो, दहा वर्षांची ऑर्डर लेखी दे, मग नवी लाइन टाकतो. सरकार म्हणतं, आधी गोळे दाखव. आणि पुढच्या निवडणुकीत आपण असू की नाही हे सरकारलाच माहीत नाही.

मारिओ द्राघी म्हणजे इटलीचे माजी पंतप्रधान. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचा युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा अहवाल आला. त्यात होतं की जून २०२२ ते जून २०२३ या वर्षात युरोपियन युनियनच्या देशांनी शस्त्रखरेदीवर जे खर्च केलं, त्यातलं ७८ टक्के युनियनच्या बाहेर गेलं, आणि एकट्या अमेरिकेला ६३ टक्के. म्हणजे खर्च वाढला की अवलंबित्वही वाढतं. बरं, एकत्र बनवायला जावं तर तिथेही भांडण. जर्मनी आणि फ्रान्सनं २०१७ मध्ये पुढच्या पिढीचं लढाऊ विमान मिळून बनवायचं ठरवलं, नंतर स्पेन आला. पण पुढाकार दसॉचा की एअरबसचा, या वादात तो प्रकल्प वर्षानुवर्षं रखडला. तिकडे ब्रिटन आणि इटलीनं जपानला घेऊन दुसराच संसार थाटला.

आता तिसरं ठिकाण, माझ्या मित्राचा खरा प्रश्न. निर्णय कोण घेणार?

युरोपियन युनियनमध्ये व्यापार, शेती, प्रदूषण यांवरचे बहुतेक निर्णय बहुमतानं होतात. परराष्ट्र आणि संरक्षण धोरणाला मात्र एकमत लागतं. २७ पैकी एकानं नाही म्हटलं तरी अडलं. २७ चाव्यांचं कुलूप समजा. एक चावी खिशात ठेवून कोणी जेवायला गेलं की बाकी २६ दारात उभे.

हे नुसतं बोलायला नाही, खरंच घडतं. डिसेंबर २०२३ ची ब्रसेल्सची बैठक. युक्रेनला सदस्यत्वासाठी बोलणी सुरू करायची का, हा प्रश्न. हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान यांचा विरोध. शेवटी जर्मनीचे चान्सलर शोल्त्स यांनी त्यांना सुचवलं की तुम्ही जरा बाहेर जाऊन कॉफी घ्या. ओर्बान बाहेर गेले, उरलेल्या २६ जणांनी हात वर केले आणि ठराव पास. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखाद्या भांडखोर सभासदाला चहाला पाठवून ठराव करून घेतात, अगदी तसं. ऐकायला गंमत वाटते, पण ४५ कोटी लोकांचं परराष्ट्र धोरण असं चालतं. आणि त्याच बैठकीत युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत ओर्बान यांनी अडवलीच. ती मंजूर व्हायला १ फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, नियम बदला. बहुमत करा. करारात तशी सोय आहेही, काही विषय एकमतातून बहुमतात नेता येतात. फक्त तसं न्यायला एकमत लागतं! आणि थेट लष्करी निर्णय तर त्या सोयीतूनही वगळलेत.

इथपर्यंत आलो तेव्हा माझं मत पक्कं होत आलं होतं, की हा व्हेटो म्हणजे सगळा गाढवपणा आहे. मग तो त्याच मित्राला ऐकवला. तो हसला आणि म्हणाला, "नॉर्ड स्ट्रीमच्या वेळी बहुमत असतं तर आमचं काय झालं असतं?"

नॉर्ड स्ट्रीम २ म्हणजे रशियातून बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीला जाणारी गॅसची पाइपलाइन. २०१५ मध्ये, म्हणजे रशियानं क्रिमिया घेतल्याच्या पुढच्याच वर्षी, कंपन्यांनी तिचा करार केला. पोलंड, लिथुआनिया वर्षानुवर्षं ओरडत होते, की हा धंदा नाही, गळ्यातला फास आहे. बर्लिननं ऐकलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये बांधून झाली, आणि पाच महिन्यांत युद्ध सुरू झालं. ती कधी चालूच झाली नाही. तेव्हा मोठे चुकले होते आणि सीमेवरचे छोटे बरोबर होते. म्हणजे बहुमत आणलं की शहाणपण येतं असं नाही. ज्यांच्या दारात रशिया आहे, त्यांच्यासाठी व्हेटो ही ढालसुद्धा आहे.

याची मुळं जुनी आहेत. १९५० मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेव्हां यांनी युरोपची एकच फौज असावी अशी कल्पना मांडली. १९५२ मध्ये सहा देशांनी पॅरिसमध्ये करारावर सह्याही केल्या. आणि ३० ऑगस्ट १९५४ ला तो करार कोणी बुडवला? फ्रान्सच्याच संसदेनं. दहा वर्षांपूर्वी ज्या जर्मनीनं आपला देश व्यापला होता, तिच्यासोबत एका गणवेशात उभं राहायचं आणि आपल्या पोरांना कुठे मरायला पाठवायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, हे फ्रेंचांच्या गळी उतरलं नाही. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनी नाटोत गेली आणि युरोपची सुरक्षा अमेरिकेच्या छत्रीखाली स्थिरावली.

मला वाटतं मूळ इथेच आहे. कोळसा, पोलाद, नोटा, सीमा, सगळं एकत्र करता येतं. आपली माणसं मरायला पाठवायचा अधिकार एकत्र करणं ही वेगळीच गोष्ट आहे. युरोपियन युनियनची रचनाच अशी झाली की कोणा एका मोठ्या देशाला बाकीच्यांना फरफटत नेता येऊ नये. शांततेच्या काळात तेच तिचं मोठेपण होतं. आता समोर एकट्यानं आणि झटपट निर्णय घेणारा शेजारी आहे, तर तीच रचना पायात येतेय.

या तुटकपणाची किंमत परराष्ट्र धोरणातही मोजावी लागते. २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझाच्या ठरावावर मतदान झालं. फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, आयर्लंड बाजूनं. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकिया, क्रोएशिया विरोधात. जर्मनी, इटली, पोलंड तटस्थ. एकच युनियन आणि तीन उत्तरं. त्यानंतर आफ्रिकेत किंवा आशियात जाऊन युक्रेनसाठी आंतरराष्ट्रीय कायद्याचे दाखले दिले, की समोरचा विचारतो, तुमचा कायदा सगळीकडे सारखा लागू होतो का? जयशंकर २०२२ मध्ये ब्रातिस्लाव्हात जे बोलले, की युरोपचे प्रश्न ते जगाचे आणि जगाचे प्रश्न मात्र युरोपचे नाहीत ही मानसिकता सोडा, ते आपल्याकडे एवढं का गाजलं? कारण ते खूप जणांच्या मनातलं होतं.

मग काहीच होत नाहीये का? होतंय, आणि मला अपेक्षा होती त्यापेक्षा जास्त. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आले. जर्मनीनं मार्च २०२५ मध्ये राज्यघटना बदलून संरक्षणासाठी कर्ज काढायची वाट मोकळी केली. जर्मन माणूस आणि कर्ज यांचं नातं माहीत असेल तर हे किती मोठं आहे ते कळेल. जर्मनीची एक ब्रिगेड, सुमारे ५ हजार माणसं, २०२७ पर्यंत लिथुआनियात कायमची राहायला जातेय. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच असं होतंय. लिथुआनिया आणि पोलंड यांना जोडणारी सुवाल्कीची पट्टी फक्त ६५ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पुणे ते लोणावळा. एका बाजूला रशियाचं कालिनिनग्राड, दुसऱ्या बाजूला बेलारूस. ती पट्टी तुटली तर बाल्टिक देशांचा जमिनीवरचा रस्ताच तुटतो. तिथे जर्मन सैनिक कुटुंबासकट राहायला जाणं, हा कागदावरच्या शंभर आश्वासनांपेक्षा मोठा निरोप आहे.

२०२५ मध्ये ८०० अब्ज युरोंची योजनाही जाहीर झाली. आकडा ऐकून हुरळू नका. त्यातले १५० अब्ज युनियननं देऊ केलेली कर्जं, आणि बाकीचे ६५० म्हणजे देशांना स्वतःच्या बजेटमध्ये जास्त खर्च करायची दिलेली मुभा. पण त्या १५० अब्जांच्या कर्जाची एक अट मला फार आवडली. खरेदी शक्यतो मिळून करा, आणि ३५ टक्क्यांपेक्षा जास्त किमतीचे भाग बाहेरून नकोत. रोग कुठे आहे ते निदान कळलंय.

आणि व्हेटोला वळसा घालायच्या वाटाही सापडतायत. डिसेंबर २०२५ मध्ये युक्रेनसाठी पैसे उभे करायचे होते. युरोपात रशियाचे २०० अब्ज युरोंहून जास्त पैसे गोठवलेत, बहुतेक बेल्जियमच्या युरोक्लिअर या संस्थेत. ते वापरायला बेल्जियम तयार नव्हता, कारण उद्या खटला झाला तर भरपाई आमच्या गळ्यात. शेवटी ९० अब्जांचं कर्ज एकत्र काढायचं ठरलं, आणि हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया यांना त्याच्या बोजातून वगळलं. तुम्ही देऊ नका, पण अडवूही नका.

माझं स्वतःचं मत सांगतो, पटलं नाही तर कळवा. सैनिक पाठवायचा निर्णय प्रत्येक देशाकडेच राहावा, तो कोणी सोडणार नाही आणि सोडूही नये. पण निर्बंध आणि पैसा, या दोन गोष्टींवरचा व्हेटो जायला हवा, कारण तिथे तो आता ढाल कमी आणि खंडणी जास्त झालाय. आणि बाकी कामासाठी २७ जणांची वाट बघत बसू नये. पोलंड, बाल्टिक आणि नॉर्डिक देश, जर्मनी, फ्रान्स, आणि युनियन सोडून गेलेला ब्रिटनसुद्धा, ज्यांना पटतंय त्यांनी पुढे जावं. फक्त खरेदी एकत्र करावी, नाहीतर पुन्हा सहा फोन सहा पिन. यातही धोका आहे. मोठ्यांचा गट झाला की छोट्यांचा आवाज दबतो, आणि नॉर्ड स्ट्रीमचा धडा ताजा आहे. म्हणूनच पहिली खुर्ची सीमेवरच्या देशांना मिळायला हवी. युनियनच्या परराष्ट्र धोरणाच्या प्रमुख काया कालास एस्टोनियाच्या आणि पहिले संरक्षण आयुक्त कुबिलियस लिथुआनियाचे, ही त्यातल्या त्यात चांगली सुरुवात आहे.

परवा त्या मित्राला म्हटलं, तुझ्या प्रश्नावर पूर्ण एक भाग करतोय. उत्तर काय काढलंस, विचारलं त्यानं. मी म्हटलं, निर्णय कोणी एक जण घेणार नाही. जे तयार असतील ते घेतील, आणि त्यात तुझा देश असेल. तो म्हणाला, "ते मला माहीत होतं रे. आई विचारते तेव्हा सांगायला काहीतरी बरं हवं होतं."

त्याची आई अजून गावातच आहे. सफरचंदाची बाग आहे त्यांची, ती सोडून येत नाही.